पाइनची लाकडं

तुम्ही खोटं लिहिलंय.

तुमच्या पुस्तकाच्या चौथ्या भागात, भिक्खूंना आईबापांची माया नसते हे पटवून द्यायला तुम्ही एक दाखला दिलाय. तुम्ही दक्षिणेत मामलेदार असताना एक भिक्खू तुमच्यासमोर आला. त्यानं आपल्या मेलेल्या आईला पुरायचं सोडून लाकडांवर ठेवून जाळल्याचं कबूल केलं. सांगताना त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. तुम्ही त्याला शंभर फटके मारवले. चार ओळी आहेत सगळ्या मिळून. त्या चार ओळी दरबारात वाचून दाखवल्या गेल्या आणि गेल्या वर्षी आमच्या डोंगरातले सात विहार बंद झाले.

तो भिक्खू मी. फटके साठ होते. आणि डोळ्यांत पाणी का आलं नाही, ते मी सांगतो. तुम्ही आता राजधानीत मोठ्या हुद्द्यावर आहात, आणि डोकं भादरलेल्या माणसाला राजधानीच्या वेशीतून आत सोडत नाहीत. म्हणून लिहून पाठवतोय.

तुम्ही आलात त्या दुपारी माझी आई कागद सरळ करत बसली होती.

आमच्या पेगम विहारात कागद व्हायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुती सोलायची, साल राखेच्या पाण्यात शिजवायची, मोगरीनं कुटून लगदा करायचा, जाळीवर तो उचलायचा आणि तापलेल्या भिंतीला चिकटवून वाळवायचा. सगळा कागद सरकारात जमा. आणि दर हिवाळ्यात तुमच्या कचेरीतून जुने कागद यायचे, परत भिजवून नवे करायला. राजाच्या परीक्षेत नापास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका. बैलावर लादून यायच्या, गठ्ठेच्या गठ्ठे.

मी त्यांच्यावरच वाचायला शिकलो. हौदात टाकायच्या आधी एकेक कागद घ्यायचा, ओळखीचं अक्षर शोधायचं, त्यावरून शेजारचं ओढून काढायचं. अशी सात वर्षं. कन्फ्यूशियसचं म्हणणं काय, मेन्शियसचं काय, सगळं मला या कागदांनी सांगितलं. माझे सगळे गुरुजी नापास झालेले होते. याचा परिणाम पुढे येईल.

"हा बघ, किती लिहिलंय बिचाऱ्यानं," आई म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण भरलेला कागद आणि अर्धा सोडलेला कागद एवढं कळायचं. "एवढं लिहून नापास?"

"एवढं लिहिलं म्हणूनच नापास. वाचणारा कंटाळला असेल."

"याच्या आईला कळलं असेल ना?"

"कळलं असेल."

तिनं कागदाच्या चुण्या तळव्यानं काढल्या, कागद कपाळाला लावला आणि हौदात सोडला. प्रत्येक कागद ती असाच कपाळाला लावायची. मी एकदा म्हटलं होतं, हे आपल्याला शिव्या घालणारे लोक आहेत. ती म्हणाली, "असू दे. कुणाचा तरी पोरगा आहे."

आई विहारात असणं हा गुन्हा होता. बाईनं विहारात राहायचं नाही, हा राजाचा कायदा; सापडली तर विहाराला कुलूप आणि भिक्खूंची नावं वेठीच्या यादीत. पण वडील मी लहान असतानाच गेलेले. थोरल्या भावाला तटबंदीच्या कामावर नेलं, तिथे दगडाखाली सापडला. वहिनी माहेरी गेली. पहिल्या हिमाच्या आधी आई एकटीच डोंगर चढून वर आली. हातात एक गाठोडं होतं, आणि पायात भावाच्या गवती चपला, तिला मोठ्या होणाऱ्या.

आमचे थोरले भन्ते मुजिन. तेव्हा सत्तरीचे होते. मी त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, दोन दिवस राहू द्या, मग कुठेतरी सोय करतो.

भन्ते म्हणाले, "कुठे करणार?"

मी आईच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं.

"महाप्रजापती गौतमी, बुद्धांना वाढवणारी मावशी, संघात घ्या म्हणून दाराशी आली तेव्हा त्यांनीसुद्धा आधी नकोच म्हटलं होतं. मग ऐकलं. आपण पहिल्या खेपेलाच ऐकू, तेवढा वेळ वाचेल." आणि आईला म्हणाले, "माई, साल सोलता येते का?"

तेव्हापासून तीन महिने ती वाळवणाच्या खोलीत होती. राखेच्या वाफेनं तिला खोकला धरला होता. बाकी ठीक होती.

तर त्या दुपारी आमचा ह्योनबो धापा टाकत आला. ह्योनबो माझ्याच वयाचा, लगदा कुटायला असायचा आणि कुठल्याही गोष्टीची थट्टा करायचा. त्या दिवशी केली नाही.

"मामलेदार येतोय. आठ शिपाई, एक कारकून. ओढा ओलांडला त्यांनी."

"कशाला?"

"शाळेतल्या पंडितांनी अर्ज दिलाय. विहार मोडा आणि इथे आमची शाळा बांधा म्हणून. तो चौकशीला येतोय." त्यानं आईकडे पाहिलं. "माईंना हलव."

हलवणार कुठे? उतरायची वाट एकच, तिच्यावर तुम्ही. मागच्या रानात न्यावं तर रात्रभर हिम पडलेलं होतं आणि कोवळ्या हिमावर बाईचं पाऊल आंधळ्यालाही दिसलं असतं. वाळवणाच्या खोलीत मधोमध एक मातीची पोकळ भिंत होती. तिच्या पोटात चुलीचा धूर फिरायचा, म्हणून ती तापायची. भिंतीच्या पलीकडे हातभर जागा, तिथे सालीचे भारे रचलेले. मी आईला त्या हातभर जागेत बसवलं आणि वाटेच्या तोंडाशी भारे लावून टाकले.

"आई, खोकायचं नाही."

"नाही खोकत."

"काहीही झालं तरी बाहेर यायचं नाही."

"लहानपणी तू लपायचास ना, तेव्हा मी तुला असंच सांगायचे," ती आतून म्हणाली. "आणि तू दर वेळी बाहेर यायचास." मग तिनं डोक्याची चिंधी सोडून तोंडात कोंबली असावी, कारण पुढचं मला कळलं नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही मुख्य विहारात बसाल. तिथे बुद्धमूर्तीसमोर चटया घातल्या होत्या. पण तुमचे मोजे ओले झाले होते आणि तुम्ही तेव्हा तिशीचेही नव्हता. अंगणात उभं राहून तुम्ही विचारलंत, "इथे ऊब कुठे आहे?" एका शिपायानं वाळवणाच्या खोलीच्या धुराकडे बोट दाखवलं.

तुम्ही आत आलात, इकडेतिकडे पाहिलंत, आणि जाऊन त्याच भिंतीला पाठ टेकून बसलात. तुमची पाठ आणि माझी आई यांच्यामध्ये वीतभर माती होती.

भन्ते समोर बसले. मी आणि ह्योनबो दाराशी गुडघे टेकून. कारकुनानं दौत उघडली. तुम्ही अर्ज वाचायला लागलात, अगदी कंटाळलेल्या आवाजात.

"पहिला आरोप. देह आईबापांनी दिलेला असतो. हे लोक डोकं भादरून त्या देहाला इजा करतात. म्हाताऱ्या, काय म्हणणं आहे?"

"सरकार," भन्ते म्हणाले, "गेल्या साली तटबंदीच्या कामावर या तालुक्यातली पस्तीस माणसं गेली. त्यांतली नऊ दगडाखाली राहिली. त्यांचेही देह आईबापांनीच दिलेले होते. आम्ही नुसते केस दिले."

कारकून लिहायचा थांबला. तुम्ही म्हणालात, "लिही. जसं म्हणतो तसं लिही."

मी भिंतीकडे बघत नव्हतो. भिंतीकडे न बघणं किती कठीण असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. त्या नऊ जणांत माझा भाऊ होता आणि त्याची आई ते ऐकत होती.

"दुसरा आरोप. हे लोक राबत नाहीत. शेतकऱ्याचं खातात."

"अर्जाचा कागद जरा उजेडात धरावा, सरकार."

तुम्ही धरलात.

"कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतील. आमच्या जाळीचा एक बांबू तुटलाय, तिथे दोऱ्यानं बांधलंय. तो कागद या खोलीतला आहे."

ह्योनबोच्या नाकातून आवाज निघाला. तुमच्याही तोंडावर काहीतरी हललं. मला क्षणभर वाटलं, निभावतंय. तिसरा आरोप तुम्ही जरा सरसावून वाचलात.

"हे लोक आईबापांना सोडून डोंगरात जातात. म्हातारपणी त्यांना कुणी बघत नाही. वंश बुडतो. याला तरी उत्तर आहे?"

"सरकारांच्या मातोश्री कुठे असतात?"

तुम्ही अर्ज मांडीवर ठेवलात. "गावी, योंगनामला. धाकट्या भावाकडे."

"भेट कधी झाली?"

"चार वर्षं झाली."

"राजाच्या कामासाठी सोडून आलात."

"नोकरीची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळीच असेल," भन्ते म्हणाले. "आईला मात्र अंगण सारखंच रिकामं दिसतं."

दाराशी उभा असलेला शिपाई एक पाऊल पुढे आला. तुमचे कान लाल झाले होते. मला वाटलं, भन्ते जास्त बोलले, आता त्यांच्या पाठीवर काठी पडणार. आणि खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. सात वर्षं मी तुमच्या लोकांचे कागद वाचले होते, आणि एकदाही कुणी मला विचारलं नव्हतं की तू काय वाचलंस. मी तोंड उघडलं.

"सरकार, हे कन्फ्यूशियसलाही मान्य होतं. त्यांच्या एका शिष्यानं म्हाताऱ्या आईला घरी ठेवून दूरच्या राज्यात नोकरी धरली, तेव्हा त्यांनी त्याचं कौतुकच केलं." आणि मी त्या शिष्याचं नाव सांगितलं.

तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलंत.

"कोण?"

मी नाव परत सांगितलं.

तुम्ही हसलात. खरं हसलात, पोट धरून. मग कारकून हसला, मग काहीही न कळता शिपाई हसले. "अरे, नोकरी नाकारली म्हणून तो प्रसिद्ध आहे. आईबापांपासून लांब जायला लागू नये म्हणून राजाचा निरोप परत पाठवला त्यानं. पाठशाळेतल्या पोराला माहीत असतं हे. कुठे वाचलंस तू?"

मी हौदाकडे पाहिलं. तुम्ही माझ्या नजरेमागे गेलात. गठ्ठ्यातला एक कागद उचललात, वर मारलेली नापासाची फुली पाहिलीत.

"यांच्यावरून शिकलास?"

"हो सरकार."

"नापास झालेल्यांच्या चुका पाठ करून तू मला शिकवायला निघालास." तुम्ही कागद टाकून दिलात आणि परत भिंतीला टेकलात. हसू गेलं होतं. "म्हातारा बोलण्यात हुशार आहे. त्याला नको. तूच सांग. तुझी आई कुठे आहे?"

यात दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. माझाच होता. मी गप्प बसलो असतो तर हा प्रश्न त्या खोलीत आलाच नसता.

"मेली," मी म्हणालो.

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

"पुरलीस कुठे?"

हे मी धरलंच नव्हतं. कुठलंही नाव सांगितलं तरी तुम्ही माणूस पाठवून थडगं बघितलं असतंत. थडगं नव्हतं. माझ्यापुढे एकच दार उघडं होतं, आणि ते पंडितांच्या अर्जातला चौथा, तुम्ही अजून न वाचलेला आरोप होता: हे लोक प्रेतं पुरत नाहीत, जाळतात.

"पुरली नाही. जाळली."

ह्योनबोनं मान खाली घातली. भन्त्यांनी डोळे मिटले. कारकुनाचा कुंचला कागदावर टेकून तसाच राहिला, तिथे शाईचा डाग पडला.

"आईला जाळलंस."

"हो."

"आमच्यात मेलेल्या आईला उन्हाचा चटका लागू नये म्हणून लोक तीन वर्षं थडग्याशी झोपडी बांधून राहतात. आणि तू जाळलीस. कशी, ते सांग. सगळं सांग. कारकुना, लिहून घे."

मग तुम्ही एकेक विचारलंत आणि मी एकेक सांगितलं. तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं.

"लाकडं कसली?"

"पाइनची."

"किती?"

"दोन बैलांचा भार."

"कुणी लावलं?"

"मी."

"आधी काय जळलं?"

मी विहारात सहा जणांना अग्नी दिलेला पाहिला होता, तेवढ्यावरून सांगितलं. "केस. मग कपडे. मग आग मोठी झाली आणि काही दिसलं नाही."

"आणि हाडं?"

"दुसऱ्या दिवशी वेचली. कुटली. ओढ्यात सोडली."

"कुटली. साल कुटता तशी?"

"हो सरकार. तशीच."

"रडलास?"

आता तुम्ही पुस्तकात जे लिहिलंत ते इथलं. भिंतीपलीकडे ती हे सगळं ऐकत होती, वीतभर मातीआड, तोंडात चिंधी कोंबून. स्वतःचे केस जळताना ऐकत होती. मी दात दाबून धरले आणि जमिनीकडे बघत म्हणालो, "नाही."

आणि तेव्हा ती खोकली.

एकच खोकला. कोंडलेला, आत गिळलेला, पण खोकला. त्याच्यामागोमाग भन्ते खोकले, दोनदा, मोठ्यानं, आणि इतके खोटे खोकले की मला वाटलं, संपलं. ह्योनबोनं माझं मनगट धरलं होतं. त्याची नखं आत गेली होती.

तुम्ही हलला नाहीत. पाठ भिंतीलाच होती. मग तुम्ही हात मागे नेऊन तळवा भिंतीवर ठेवलात.

"भिंत चांगली तापते तुमची," तुम्ही म्हणालात.

"हो सरकार," भन्ते म्हणाले.

एक शिपाई भाऱ्यांच्या दिशेनं मान वळवून बघत होता. "सरकार, मागे बघायचं का?"

"अंधार पडायच्या आत खाली उतरायचंय मला," तुम्ही म्हणालात. त्याच्याकडे बघितलंही नाहीत. मग माझ्याकडे वाकलात. "आता मी विचारतो ते नीट ऐक आणि नीट उत्तर दे. मरायच्या आधी तुझ्या आईनं स्वतः सांगितलं होतं का, मला जाळ म्हणून?"

मला यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, हा अजून एक खिळा. मी भन्त्यांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं नव्हतं. जे सोपं वाटलं ते बोललो.

"हो. तिनंच सांगितलं होतं."

"कारकुना, लिही. मृत बाईच्या स्वतःच्या इच्छेवरून."

मग तुम्ही उठलात, मोजे चढवलेत. शंभर फटक्यांची शिक्षा सांगितलीत. अंगणात हिम झाडून मला पालथं पाडलं. शिपाई आळीपाळीनं मारत होते. साठावर तुम्ही म्हणालात, "पुरे, उशीर झाला," आणि कारकुनाला म्हणालात, "शंभर लिही." माझा डावा पाय तेव्हापासून नीट पडत नाही. मी ओरडलो नाही. ते शौर्य नव्हतं. भिंत पातळ होती.

तुम्ही ओढ्यापलीकडे दिसेनासे झाल्यावर ह्योनबोनं मला आत आणून निजवलं आणि भारे ओढले. आई लगेच उठू शकली नाही. तिचे पाय बधिर झाले होते. ती गुडघ्यांवर माझ्यापर्यंत आली, माझ्या पाठीवरचं कापड उचलून बघितलं आणि परत झाकलं.

"तू रडला असतास," ती म्हणाली, "तर मी बाहेर आले असते."

"माहीत होतं मला."

बराच वेळ ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "बाकी सगळं बरोबर सांगितलंस. पाइनची लाकडं मात्र नकोत रे. फार धूर होतो. ओकची घे."

ह्योनबो तोंड फिरवून अंगणात गेला. त्या दिवशी तोच रडला, आणि तुम्हाला जर कुणी रडलेला हवाच असेल, तर त्याचं नाव लिहून घ्या.

अर्जाचा निकाल महिन्याभरानं आला. गुन्हेगाराला शिक्षा झाली, अन्य दोष आढळला नाही, विहार चालू राहावा. आणि आई तुमच्या दप्तरात मेली. मेलेल्या बाईला कोण शोधतो? ती आणखी सहा वर्षं जगली. साल सोलली, नापासांचे कागद सरळ केले, कपाळाला लावले. ह्योनबो तिला म्हणायचा, "माई, भूत असूनसुद्धा तुम्ही दोन वाट्या भात खाता." ती म्हणायची, "जाळलेलं माणूस आहे, भूक लागते."

सातव्या हिवाळ्यात तिला उठवेना. शेवटच्या दिवशी तिनं मला जवळ बसवलं.

"दोलसे," ती म्हणाली. हे माझं घरातलं नाव. विहारात मला सगळे दोगाक म्हणतात. "मला जाळ."

"आई, पुरू शकतो मी तुला. रानात कुणी बघत नाही."

"नाही. जाळ. मी सांगते आहे. तू त्यांना सांगितलं होतंस ना, आईनंच सांगितलं म्हणून? ते आता खोटं नाही राहिलं."

ओकची लाकडं घेतली. हाडं ओढ्यात सोडली. त्या दिवशी मी रडलो. बघायला तुम्ही नव्हता.

आता यापुढचं.

आई गेल्यावर पाच वर्षांनी कचेरीतून गठ्ठे आले, त्यांत एक फाटकी कायद्याची प्रत होती. उंदरांनी कुरतडलेली, म्हणून टाकून दिलेली. सवयीनं मी हौदात टाकायच्या आधी वाचली. थोरल्यांच्या प्रेताच्या विटंबनेचं कलम होतं. मुलानं आईबापाच्या प्रेताची नासधूस केली, तर मुंडकं उडवावं. पण मेलेल्याच्या स्वतःच्या इच्छेवरून जाळलं असेल, तर शंभर फटके.

मी हौदाच्या काठावर बसलो. लगदा वर येऊन थिजला. मी बसूनच होतो.

म्हणजे तुम्ही तो प्रश्न विचारला नसतात तर माझं मुंडकं गेलं असतं. मी नाही म्हणालो असतो तरी गेलं असतं. नीट ऐक, असं तुम्ही बजावलं होतंत. तळवा भिंतीवर होता. शिपाई मागे बघू का म्हणाला, तर तुम्हाला उशीर होत होता. साठावर तुम्ही थांबलात.

किंवा यातलं काहीही नसेल. तुमचे पाय गार पडले असतील, भिंत गरम असेल, अंधार पडत असेल, आणि कलमात विचारायला सांगितलेला प्रश्न कुठलाही मामलेदार विचारतो तसा तुम्ही विचारला असेल. खोकला म्हाताऱ्या भन्त्यांचाच वाटला असेल.

पंधरा वर्षं मी या दोन गोष्टी उलटून पालटून बघतोय. भन्ते मुजिन जिवंत असताना मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "त्या माणसाला चार वर्षांत आई भेटली नव्हती. तू त्याच्या बाजूनंच धर, खोकला ऐकला म्हणून." मी धरलं. तुमचं नाव घेऊन मी दर पौर्णिमेला दिवा लावत आलो, भन्ते गेल्यावरसुद्धा. मग तुमचं पुस्तक आलं.

तुमचा आक्षेप आहे की आम्ही आईबापांना सोडतो. भन्त्यांनी त्या दिवशी जी उत्तरं दिली ती चांगली होती, पण खरं उत्तर तुमच्या पाठीमागे बसलं होतं, आणि ते दाखवायला तुमचाच कायदा आड येत होता. आई सांभाळणारा मुलगा हवा म्हणता आणि तो सांभाळताना दिसला की विहाराला कुलूप लावता. माझ्याकडे दुसरा युक्तिवाद नाही. मी नापासांच्या कागदांवर शिकलेला माणूस आहे.

म्हणून एकच विचारतो. सोबत एक कोरा कागद आहे. तुमच्या पुस्तकाची एक प्रत आमच्याकडे आली होती. ती भिजवली, कुटली, त्याच जाळीवर उचलली. कोपऱ्यात तीन रेघा दिसतील. भिजवण्याआधी प्रत्येक पान कपाळाला लावलं. मला लावायचं नव्हतं. आईची सवय होती म्हणून लावलं.

खोकला ऐकला नसेल, तर 'नाही' लिहा. मी पौर्णिमेचा दिवा बंद करीन आणि परत तुमचं नाव काढणार नाही.

ऐकला असेल, तर भिंतीमागे माझी आई जिवंत आहे हे ठाऊक असताना, मी तिला का जाळली म्हणालो हे ठाऊक असताना, त्या चार ओळी तुम्ही कुठल्या हातानं लिहिल्यात?

कागद कोरा परत पाठवू नका. ऐकलात की नाही?